तोंडवलीचे बुधवार

डॉ. यशवंत वायंगणकर सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि भांडण अर्थातच मी केलं. मालवणच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. एका दुपारी बाहेरच्या बाकावर माणसं ताटकळत बसलेली असताना अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या शर्टातले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ काखेत छत्री मारून थेट आत आले. मी म्हटलं, "आजोबा, नंबर लावा. इथे सगळ्यांचीच कंबर दुखते." गृहस्थ "बरोबर आहे" म्हणाले, बाहेर जाऊन बाकाच्या टोकाला बसले आणि नंबर आल्यावरच पुन्हा आत आले.

"कुठे दुखतं?" मी विचारलं.

"माझं काही नाही. तोंडवलीला एक पेशंट आहेत. पायांतली ताकद चालली आहे. आठवड्यातून एकदा तुम्ही यावं अशी विनंती आहे. मी गाडीने नेईन आणि आणून सोडीन."

मी साफ नाही म्हटलं. मालवणात पेशंट काय कमी होते, की मी उठून तोंडवलीपर्यंत जाऊ? ते हलेनात, तसं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण? भाऊ?"

"डॉक्टर," ते म्हणाले. "त्यांना किरणोपचार मीच दिले होते. पायांचं हे त्या उपचारामुळे झालं आहे."

डॉक्टरमंडळींमध्ये माझी उभी हयात गेली. पेशंटचं वय, पेशंटचं पथ्य, पेशंटचं नशीब, सगळ्यांना बोल लावलेला ऐकला होता. 'माझ्या उपचारामुळे' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझी बोलती बंद झाली. ती सहसा होत नाही, हे बाजारात कोणालाही विचारा.

"त्यांना हे माहीत आहे?" मी विचारलं.

"अजून नाही. येत्या बुधवारी सांगायचं आहे. तुम्ही सोबत असलात तर मला धीर येईल."

त्या बुधवारी मी गेले, आणि तेव्हापासून आजतागायत जातेच आहे.

सरांच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला त्यांच्या कार्याचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. आढावा घेण्याइतकी मी मोठी नाही, आणि सरांचे मानसन्मान, सरांची व्याख्यानं यांवर लिहिणारे जाणकार या ग्रंथात आहेतच. मी लिहिणार आहे ते फक्त तोंडवलीच्या बाबल तांडेलांच्या घराबद्दल. सरांचं मोठेपण मी तिथेच पाहिलं, आणि सरांचं दुःखही तिथेच पाहिलं.

सर मूळचे वायंगणीचे. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी कॅन्सरच्या रोग्यांना किरणोपचार देण्याचं काम निवृत्त होईपर्यंत केलं आणि मग ते गावी परतले. आपल्याकडे लोक त्यांना 'लायटी देणारे डॉक्टर' म्हणत. देवगड, मालवणकडचा कोणीही रोगी मुंबईला गेला की आधी सरांच्या घरी पाठ टेकायचा आणि मग रुग्णालयात जायचा. सरांच्या पत्नी नलिनीकाकू सांगतात, "आमच्या घरात पाहुणा आहे की पेशंट, हे मला त्याच्या हातातली फाईल बघून कळायचं."

बाबल तांडेल असेच गेले होते. शेजारच्याच गावचे, स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी ज्यांच्या हुकमाने चालते ते. अंगाने दणकट, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर खाडीपलीकडे ऐकू जावी. त्यांच्या छातीत गाठी निघाल्या. सरांनी किरण दिले, गाठी विरघळल्या, बाबल परत दर्यावर गेले. काही वर्षांनी गाठी त्याच जागी पुन्हा आल्या. त्या वेळी हातात दुसरा इलाज उरला नव्हता. सरांनी त्याच जागेवर दुसऱ्यांदा किरण दिले आणि माणूस वाचवला.

यातली मेख सरांनी मला पहिल्याच दिवशी गाडीत समजावून सांगितली. पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. छातीला दिलेले किरण थोडेफार त्यालाही लागतात. तो तेव्हा तक्रार करत नाही, पण लागलेलं विसरतही नाही. त्याच जागी दुसऱ्यांदा किरण गेले, तर महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो आतून झिजायला लागतो. मान वाकवली की पाठीतून झिणझिणी जाते. मग एक पाय ओढल्यासारखा होतो, दुसऱ्याला गरम-गार कळेनासं होतं. पुढे दोन्ही पाय जातात, लघवी-संडासवरचा ताबा जातो. झिजलेला भाग परत उभा करणारं खात्रीचं औषध आजही नाही. एवढं सांगून सर गाडी अशी हळू चालवू लागले की आचऱ्याजवळ आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं. सरांची गाडी नेहमीच अशी चालते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं होतं की त्यांना पोचायचंच नाही.

बाबलांचा एमआरआय गोव्याला झाला होता. त्यात गाठ नव्हती. घरादाराला काय आनंद झाला म्हणता! कॅन्सर परत आलेला नाही, म्हणजे पाय काय, आज ना उद्या चालतीलच. बाबलांच्या पत्नी सुलभावहिनींनी शेजारीपाजारी पेढे वाटले. अंगणात नारळ ठेवून गावच्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, बाबल जसो रोगातसून सुटलो, तसो तेका आता पायार उभो कर." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" वहिनींनी मला सांगितलं की सर तेव्हा अंगणातच हात जोडून उभे होते, पण त्यांचे ओठ काही हलले नाहीत. गाठ नाही, याचा अर्थ त्या अंगणात एकट्या सरांना कळला होता. गाठ असती तर तिच्यावर काही करता आलं असतं.

मी गेले त्या बुधवारी बाबल पडवीत खाटेवर बसले होते. त्यांनी मला पाहून हसून विचारलं, "ही पाय चालवणारी बाय काय?" मग सरांकडे वळले. "डॉक्टर, गाठ नाय म्हणतास. मगे पाय कित्याक चालनत नाय?"

सर एरवी आमच्याशी शुद्ध मराठीत बोलतात, पेशंटशी मालवणीत. खाटेच्या कडेवर बसून ते म्हणाले, "बाबल, ह्या लायटींमुळे झाला. माझ्या हातसून झाला. दुसऱ्या खेपेक दिलंय तेव्हा माका ठावक होता, असा होव शकता. तुका सांगूक नाय."

"पाय परत येतले?"

"बहुतेक नाय. आसत तेवढे राखूचे प्रयत्न करूया."

मी जन्मात इतकी अवघडले नव्हते. बाबलांनी एवढंच विचारलं, "माका इचारूक कित्याक नाय?" सर वाकून त्यांच्या पायांवरची चादर सारखी करू लागले. सुलभावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. बाबल भिंतीकडे तोंड करून आडवे झाले, आणि त्या दिवसापासून ते सरांशी बोलायचे बंद झाले.

लोक सरांना विचारतात, या आजारावर तुम्ही उपचार तरी काय करता? तर सर करता येईल ते सगळं करतात आणि मग जे कोणी करत नाही तेही करतात. बाबलांना आधी सूज उतरवणारी औषधं दिली. मुंबईच्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून, नसांतली गळती थांबवणारं नवीन इंजेक्शन मिळवून दिलं. बंद खोलीत दाबाखाली प्राणवायू देतात, त्याचीही व्यवस्था केली. त्यांच्या उजव्या पायाने एक पावसाळाभर तग धरला. त्या पावसाळ्यात बाबल भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जात आणि आम्हा सगळ्यांना वाटे, जमलं. गणपतीनंतर तोही पाय गेला. मी त्या दिवशी घरी येऊन ढसाढसा रडले, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर उरली ती रोजची निगा. कूस बदलायची, पाठ आणि टाचा बघायच्या, लघवीची नळी बदलायची, पाय आखडून येतात ते मोकळे करायचे. सर किरणोपचाराचे तज्ज्ञ. मोठमोठ्या यंत्रांसमोर त्यांची उमेदीची वर्षं गेली. पण बाबलांची नळी ते दर वेळी स्वतः बदलत. पाठीवर कुठे लाली दिसते का, हे चष्मा कपाळावर चढवून, अगदी नाक टेकवून बघत. बाबलांना उभं धरायला चौकट हवी होती, तर ती त्यांनी गावातल्या होडी बांधणाऱ्या सुताराकडून करून घेतली. सुताराने ती होडीसारखीच भक्कम केली. चार माणसांशिवाय ती हलेना. मी सरांना म्हटलं, "सर, यात बाबल उभे राहतील, पण चौकट आणायला गाव उभं करावं लागेल." मग ती तासून हलकी केली. तिला पट्टे बांधून आम्ही बाबलांना उभं करत असू. उभं राहिलं की पडवीतून समुद्र दिसे. तेव्हा बाबल कोणाशीच बोलत नसत.

आणि सरांशी तर नाहीच. सर विचारत, "लघवी साफ होता मां?" बाबल भिंतीकडे बघून वहिनींना म्हणत, "सांग, होता." वहिनी सरांना म्हणत, "होता म्हणतत." तिघं हाताच्या अंतरावर! मी मध्ये बसून ही मिरवणूक बघायची. एकदा मला राहवलं नाही. परतताना मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही त्यांचा जीव वाचवलात. एवढा राग बरा नव्हे." सर म्हणाले, "राग त्यांचा आहे रेखा, तो किती असावा हे आपण कोण सांगणार?" आणि पुढच्या बुधवारी पुन्हा हजर.

एका थंडीत वहिनींच्या हाताला बाबलांचा पाय गार लागला. त्यांनी मीठ गरम करून फडक्यात बांधलं आणि पाय छान शेकला. बाबलांना काही कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत टाचेवर हा एवढा फोड! मी दुसऱ्या दिवशी जाऊन वहिनींना काय वाटेल ते बोलले. सरांनी मला अंगणात नेलं. "त्यांना ओरडू नकोस. मायेनं केलंय त्यांनी." मी म्हटलं, "मायेनं भाजलं तरी फोड तो फोडच!" माझं अजूनही तेच म्हणणं आहे. सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ती जखम भरेपर्यंत वायंगणीहून रोज स्कूटरवर येऊन त्यांनी ड्रेसिंग केलं, आणि पाण्याची ऊब आधी आपल्या कोपराने कशी बघायची ते वहिनींना शिकवलं. आता वहिनी ते इतर घरांतल्या बायकांना शिकवतात.

मग तो शिमगा आला. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, हे सिंधुदुर्गातल्या वाचकांना मी सांगायला नको. बाबल पायावर होते तोवर त्यांच्या वाडीत पालखीचा पुढचा दांडा त्यांच्याच खांद्यावर असे. त्या वर्षी पालखी अंगणात आली तो बुधवार होता. आम्ही दोघं पडवीत होतो. ढोल वाजत होते, पोरं नाचत होती, आणि बाबल खाटेवर बसून बघत होते. कोणीतरी सहज म्हणालं, "तांडेलानु, पुढल्या वर्साक उभे ऱ्हवशात." झालं! इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. बाबलांनी सरांकडे बोट केलं आणि भरल्या अंगणात ओरडले, "खंयचा उभा ऱ्हवान? ह्या डॉक्टरान माका फसवल्यान! सगळा ठावक आसान गप ऱ्हवलो!"

ढोल थांबले. सर मान खाली घालून उभे राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुलभावहिनी पुढे आल्या. आरतीचं तबक हातात तसंच होतं.

"हेनी नाय. मिया," त्या म्हणाल्या. "मुंबयक हेनी माका भायर बोलवल्यानी, सगळा सांगल्यानी. पाय जावक शकतत म्हणान सांगल्यानी. मियाच म्हटलंय, तेंका सांगू नकात. सांगलात तर ते लायटी घेवचे नाय. दर्या गेलो तर जगान काय करू, म्हणतले. माका तुमी जिते व्हये होतास."

पेशंटला आत बसवायचं, घरच्यांना बाहेर बोलवायचं, आणि जे काय वाईट असेल ते व्हरांड्यात उभं राहून हळू आवाजात सांगायचं, ही आपली रीत. आपण सगळेच असं करत आलो. घरचे म्हणतात, त्यांना सांगू नका, आणि डॉक्टर मान डोलावतात. सरांनीही तेच केलं होतं. आणि पडवीत खाटेवर बसून बाबलांना खरं सांगितलं तेव्हाही त्यांनी वहिनींचं नाव घेतलं नव्हतं. दोषाचं सगळं ओझं स्वतःवर घेतलं होतं. वहिनींना ते सोसवत नव्हतं, पण तोंड उघडायचा धीरही होत नव्हता. दर बुधवारी त्या सरांचा अपमान बघायच्या आणि आत जाऊन त्यांच्यासाठी चहा करायच्या.

मला वाटलं, आता तरी बाबल विरघळतील. पालखी पुढच्या घरी गेली. अंगण रिकामं झालं. बाबलांनी वहिनींकडे न बघता मान वळवून सरांकडे पाहिलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरांशी बोलले.

"म्हणजे तेव्हा लपवलात, आनी आता परत लपवलात. आंग माझा, पाय माझे, आनी माका सोडून सगळ्यांका ठावक!"

"चुकलंय," सर म्हणाले. "दोन्ही खेपेक चुकलंय."

येताना सरांनी माडांच्या सावलीत गाडी थांबवली. मी त्यांची समजूत घालायला म्हटलं, "सर, तुम्ही वहिनींना सांभाळलंत, त्यात काय चुकलं?" ते म्हणाले, "त्यांना सांभाळायचं, हेही मीच ठरवलं ना? लोक म्हणतात, मी बाबलांना आयुष्य दिलं. कसलं द्यायचं ते मी ठरवलं. त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी कदाचित थोडकंच मागून घेतलं असतं, पण चालतं-फिरतं." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

सरांच्या कामाबद्दल आज जे कौतुकाने बोललं जातं, ते सगळं या शिमग्यानंतरचं आहे. किरणोपचार घेऊन आलेल्या माणसांना ते आता स्वतःहून तपासायला बोलावतात. गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या पायांना लावून बघतात, मान वाकवायला सांगतात, चाल बघतात. लवकर कळलं तर काहींचं दुखणं आहे तिथे थोपवता येतं, म्हणून गावोगावच्या आशाताईंना त्यांनी काय विचारायचं ते शिकवलं आहे. विजयदुर्गकडची माणसं तळेऱ्याला गाडी बदलून येतात. सर प्रत्येकाला बजावतात की किरणांना घाबरू नका. आताची यंत्रं नेम धरून मारतात, असं क्वचितच कोणाचं होतं, आणि किरणांनी वाचलेली माणसं या जिल्ह्यात घरोघर आहेत. पण 'क्वचित' हा शब्दही ते पेशंटच्या तोंडावर सांगतात. बाहेर बोलवायचं नाही, हा त्यांचा नियम झाला आहे.

या नियमापायी त्यांनी कमी बोलणी खाल्ली नाहीत. विजयदुर्गच्या एक बाई आल्या होत्या. मुलगा आईच्या मागे उभा राहून डोळ्यांनी, हातांनी खुणा करत होता, सांगू नका, सांगू नका. सर म्हणाले, "जे बोलायचं ते आईसमोर बोलूया." मुलगा भडकला. "तुम्हाला काळीज आहे की नाही? माझी आई खचेल!" सर काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "तू गप रे झिला. सांगा ओ डॉक्टर. पाय माझे आसत." सरांनी सांगितलं. बाई रडल्या, पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "मगे आता चालता येता तवसर एकदा माहेराक जावन येतंय." त्या खरंच जाऊन आल्या. पुढे पाय गेले तेव्हा त्या अंथरुणात होत्या, पण सरांवर त्यांचा राग नव्हता. आता त्या नाहीत. त्यांचा मुलगा या ग्रंथाच्या समितीत आहे.

गौरवग्रंथात सगळं गोड लिहायची पद्धत आहे, पण मी खोटं लिहिणार नाही. या कामात आम्ही फार वेळा हरलो आहोत. बरी होऊन टणाटण उड्या मारणारी माणसं माझ्याकडे दाखवायला नाहीत. सरांच्या बोलण्यात हल्ली एखाद्या पेशंटचं नाव आलं की मी आधी आठवून बघते, ते माणूस आहे की गेलं. एवढं हरून माणूस दर आठवड्याला त्याच उंबऱ्यावर कसा जातो, हे मला कळलेलं नाही. मला विचाराल तर, मी जाते ती सर जातात म्हणून.

मागल्या पावसाळ्यात सरांच्या छातीत दुखलं. कोल्हापूरला नेऊन अँजिओप्लास्टी करावी लागली. काही बुधवार मी एकटीच तोंडवलीला गेले. शिमग्यानंतर बाबल सरांशी बोलू लागले होते, पण ते कामापुरतंच. हंय दुखता, थंय आखडता, तेवढंच. नावाने कधी हाक मारलेली मी ऐकली नाही. नळी बदलून झाली. मी निघाले तसं बाबलांनी वहिनींना विचारलं, "आज बुधवार मां?" वहिनी म्हणाल्या, "व्हय." त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की बुधवार मां?" मग मी सांगितलं की सरांच्या काळजाला त्रास झाला आहे, पण आता धोका नाही. तपशीलही सगळा सांगितला, काही लपवलं नाही. बाबलांनी ऐकून घेतलं आणि जेवायला नको म्हणाले.

सर बरे होऊन आले, आणि आता गाडी मी चालवते. त्यामुळे आम्ही वेळेवर पोचतो, हे सरांनी या ग्रंथाच्या निमित्ताने मान्य करावं.

हा लेख लिहायचा ठरला तेव्हा मी बाबलांची आणि वहिनींची परवानगी घ्यायला मुद्दाम तोंडवलीला गेले, सरांना न सांगता. वहिनींनी मान हलवून होकार दिला आणि बाबलांकडे बघितलं.

"लिवा," बाबल म्हणाले. "पन खरा लिवा. तेंका देव-बिव करू नकात."

माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी विचारलं, "तांडेलानु, सरांक माफ केलात?"

"ता माका कळना नाय," ते म्हणाले. "सकाळी जाग येता, तेव्हा आदी पाय आठवतत. मगे राग येता. बुधवारी ते येतत, पाठ बघतत, तेवढो येळ येना नाय." मग त्यांनीच विचारलं, "असल्या पुस्तकात शेवटाक काय लिवतत?"

मी म्हटलं, "ज्यांचा गौरव, त्यांना उदंड आयुष्य चिंततात."

बाबल भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. सर, तुमच्या असंख्य पेशंटांच्या, सहकाऱ्यांच्या आणि आम्हा शिष्यांच्या मनात तुमच्यासाठी जे आहे, ते इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. म्हणून ते त्यांच्याच शब्दांत इथे उतरवते.

"मगे माझा पन लिवा. म्हणाचा, बाबल तांडेलान सांगल्यान हा, शंभर वर्सा जगा. हातापायान धड ऱ्हवान जगा. माझ्या आदी मराचा नाय. माझी पाठ मी दुसऱ्या कोणाक दाखवचंय नाय."